मुसीचा फिर्यादी कोण?

२०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या २६ तारखेची रात्र गौलीगुड्याच्या जुन्या रहिवाशांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. उस्मानसागर आणि हिमायतसागर या दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडले गेले आणि मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकाच्या आवारात शिरले. गावोगाव निघालेले प्रवासी आत अडकले, त्यांना बाहेर काढावे लागले आणि गाड्या शहराच्या अन्य भागांतून सोडाव्या लागल्या. ज्यांच्या घरात १९०८ च्या महापुराची कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली गेली आहे, त्यांच्या मनात त्या रात्री एकच हिशेब आला असेल. तो महापूर २८ सप्टेंबरचा. मध्ये ११७ वर्षे गेली आणि नदीची तारीख अवघ्या दोन दिवसांनी चुकली.

हे बसस्थानक १९९४ साली मुसीच्या दोन प्रवाहांमधील बेटावर उभे राहिले. 'नदीने आपली जागा परत मागितली' असे म्हणून आपण अशा प्रसंगी मोकळे होतो. वाक्य गोड आहे, पण त्याने कोणाचीच जबाबदारी ठरत नाही. नदीची जागा कोणी घेतली, कोणत्या कागदाने घेतली, त्या वेळी कायदा कोठे होता, आणि नदीच्या वतीने फिर्याद करावयाची तर ती कोणी, हे प्रश्न तसेच राहतात. आयुष्यभर शासकीय सेवेत फायली हाताळलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते टाळता येत नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांचाच थोडा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा विचार आहे.

तुग्यानीची आठवण

आमच्या घरात त्या महापुराला 'तुग्यानी' म्हणत. शब्द दखनी, पण आजीच्या मराठीत तो इतका मुरला होता की तो परका आहे हे मला शाळेत गेल्यावर कळले. आजी १९०८ साली आठ वर्षांची होती. तिचे माहेर शहाअलीबंड्याकडचे. गौलीगुड्यातल्या घरी ती सून म्हणून पुढे काही वर्षांनी आली. त्या घराच्या मधल्या चौकातील भिंतीवर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्याही वर, एक आडवी रेघ कोरलेली होती. पूर ओसरल्यावर पणजोबांनी ती कोरून घेतली होती. दर दिवाळीला घर सारवून-रंगवून निघे, पण त्या रेघेवर चुन्याचा हात फिरणार नाही याकडे आजीचे जातीने लक्ष असे. 'पाणी इथवर आलं होतं, हे भिंतीला आठवू दे,' असे ती म्हणे.

त्या पुराचा तपशील बहुतेकांना ठाऊक आहे. पाऊस दिवसरात्र कोसळला, शहरातील तीन पूल निकामी झाले आणि पुरानापूल तेवढा टिकला. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे १५,००० सांगितला जातो. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. उर्दूतील ख्यातनाम रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व कन्या त्या पुरात गेली. मात्र एक तपशील फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. शहराच्या वर, मुसीच्या सुमारे ८६२ चौरस मैलांच्या पाणलोट क्षेत्रात, त्या काळी ७८८ तलाव होते. म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव फुटले. एकाचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्यावर पडे आणि तो फुटे. शहरावर आलेली लाट ही पावसाची होती, तशीच ती या फुटलेल्या बांधांचीही होती.

हे आकडे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पाहणीतून पुढे आले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याकडे विशेष परिचित असलेले हे स्थापत्यविशारद मुंबई इलाख्याची नोकरी सोडून नुकतेच निवृत्त झाले होते. निजाम सरकारच्या निमंत्रणावरून ते १९०९ मध्ये हैदराबादेत आले. शहराच्या वर दोन जलाशय बांधून पूर अडवावा, नदीकाठ बांधून काढावा आणि भुयारी गटारांची व्यवस्था करावी, असा त्यांच्या योजनेचा सारांश होता. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. १९१२ साली स्थापन झालेल्या शहर सुधारणा मंडळाने नदीकाठ आखला. उच्च न्यायालय, उस्मानिया दवाखाना, आसफिया ग्रंथालय या इमारती त्याच काठाच्या आसपास उठल्या. शहराने त्या काळी नदीकडे तोंड करून घर बांधले, असे म्हणता येईल.

पूर अडविण्यासाठी बांधलेले हे जलाशय पुढे शहराला पिण्याचे पाणीही पुरवू लागले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नळाच्या पाण्याला 'गंडिपेठचे पाणी' म्हणत आणि ते पाणी एकदा प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, अशी म्हण होती. आपली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या येथे राहिली, त्याला ही म्हण कितपत कारण झाली ते सांगता येत नाही. परंतु ते पाणी आपल्या अंगात आहे, एवढे खरे.

पाण्याचा अपराध आणि दंड

पाणी नासविणे हा अपराध आहे, ही कल्पना आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराध्यक्षाच्या कर्तव्यांमध्ये पाणवठ्यावर, देवळाजवळ किंवा तीर्थस्थानी मलमूत्र विसर्जन करणाऱ्यास पणांमध्ये दंड सांगितला आहे. त्यातही आजाराने, औषधाच्या परिणामाने किंवा भीतीने तसे घडल्यास दंड करू नये, अशी सवलत आहे. दंड करणाऱ्याला माणसाचे शरीर कळत होते, हे त्यावरून दिसते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजावले आहे. ती झाडे दोन-चार वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, हे त्यामागचे कारण. एखादे झाड जीर्णच झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. या आज्ञेत तिघांचाही विचार आहे : झाडाचा, धन्याचा आणि राज्याच्या गरजेचा.

इंग्रजी अमदानीत १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सार्वजनिक झरा किंवा जलाशय यांचे पाणी बुद्धिपुरस्सर दूषित करणाऱ्यास कलम २७७ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा होती. 'झरा' आणि 'जलाशय' हेच दोन शब्द कलमात असल्यामुळे वाहती नदी त्यांत बसत नाही, असा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालात लावला गेला. म्हणजे विहीर नासविणारा अपराधी ठरे, पण नदी नासविणारा निसटू शके! २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २७९ मध्ये कैदेची मुदत सहा महिन्यांपर्यंत आणि दंड ५,००० रुपयांपर्यंत वाढला; शब्द मात्र झरा आणि जलाशय हेच राहिले.

नदीला स्वतंत्र कायदा मिळाला तो १९७४ साली. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर जगभर या विषयाची जाणीव वाढली होती. पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसदेने जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम संमत केला. आंध्र प्रदेशाने तो स्वीकारल्यावर १९७६ मध्ये येथील प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला होता. जलप्रदूषणाच्या कायद्यात तर ओढ्यात किंवा नदीत विषारी द्रव्य सोडणाऱ्यास किमान दीड वर्षाची कैद होती. कागदावर पाहिले तर कायदा कडक होता.

मग तो चालत का नव्हता? त्याचे एक उत्तर बाटलीत आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून न्यायालयात उभा राहावा, यासाठी कायद्याने रीत घालून दिली आहे. आधी कारखानदाराला तेथल्या तेथे नोटीस द्यावयाची. त्याच्या समक्ष नमुना घेऊन त्याचे दोन भाग करावयाचे, दोन्ही बाटल्यांवर मोहोर करून दोघांच्या सह्या घ्यावयाच्या, आणि मगच एक बाटली प्रयोगशाळेकडे जाणार. यात कोठे चूक झाली, तर त्या पाण्यात मासे मरून तरंगत असले तरी तो अहवाल पुरावा ठरत नाही. आरोपीच्या रक्षणासाठी ही रीत योग्यच आहे. परंतु विष सोडणारा मध्यरात्री सोडतो आणि निरीक्षक सकाळी साडेदहानंतर येतो. जोपर्यंत 'हानी झाली' हे सिद्ध करण्याचा भार हानी सोसणाऱ्यावर होता, तोपर्यंत नदीच्या बाजूने खटला जिंकणे हे जवळपास अशक्यप्राय होते.

पुराव्याचा भार

हा भार कोणी वाहावा, याचा एक महत्त्वाचा निर्णय आपल्याच दोन जलाशयांच्या निमित्ताने झाला, ही गोष्ट आपल्या समाजातही फार थोड्यांना ठाऊक आहे. आंध्र प्रदेश शासनाने ८ मार्च १९९६ रोजी १११ क्रमांकाचा आदेश काढला. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या सभोवार दहा किलोमीटरच्या परिसरात प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले आणि दाट वसाहती यांना त्याने मनाई केली. ८४ गावांची सुमारे १,३२,००० एकर जमीन त्या मर्यादेखाली आली. याच परिसरात शमशाबादकडे एरंडेल तेलापासून रासायनिक पदार्थ तयार करणारा एक कारखाना उभा राहात होता. राज्य शासनाने १९९७ च्या जुलैमध्ये त्याला आपल्याच आदेशातून सूट दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रदूषण नियंत्रण मंडळाने संमती नाकारली. अपील प्राधिकरणाने कारखान्याच्या बाजूने कौल दिला, उच्च न्यायालयानेही संमती देण्याचे निर्देश दिले, आणि मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्या. मजमुदार आणि न्या. जगन्नाथ राव यांच्या खंडपीठाने २७ जानेवारी १९९९ रोजी दिलेला निकाल 'आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्रा. एम. व्ही. नायुडू' या नावाने ओळखला जातो. विज्ञानाला भविष्यातील हानी निश्चित सांगता येत नसेल, तर ती अनिश्चितता पर्यावरणाच्या पदरात टाकू नये. आपल्या कृतीने हानी होणार नाही, हे सिद्ध करण्याचा भार ती कृती करू इच्छिणाऱ्यावर असावा, असे त्यात विस्ताराने सांगितले आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत मान्य झालेले आणि १९९६ साली तमिळनाडूतील चर्मोद्योगांच्या खटल्यात आपल्या न्यायालयाने स्वीकारलेले सावधगिरीचे तत्त्व येथे पुराव्याच्या नियमापर्यंत पोहोचले. पुढे १ डिसेंबर २००० रोजीच्या अंतिम निकालात शासनाने दिलेली ती सूट न्यायालयाने अमान्य केली. सुमारे ५० लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असताना एका उद्योगाचे गुंतवलेले पैसे पुढे करता येत नाहीत, असा त्याचा आशय होता.

या खटल्यातील एक गोष्ट मला, एक जुना शासकीय नोकर म्हणून, नेहमी विचारात पाडते. शासनाचा आदेश मोडण्याची परवानगी शासनानेच दिली होती. आणि तो आदेश वाचविण्यासाठी भांडले ते शासनानेच नेमलेले एक मंडळ. शासन म्हणजे एक माणूस नव्हे. त्यात अनेक टेबले असतात, आणि नदीचे भवितव्य कोणत्या टेबलावरची फाईल आधी हलते, यावर पुष्कळदा अवलंबून असते.

जेथे कारखाना आधी उभा राहिला आणि कायदा मागाहून आला, तेथे काय झाले ते पाटणचेरूने दाखविले. १९७० च्या दशकात तेथे औद्योगिक वसाहत वाढली. औषधनिर्मितीच्या कारखान्यांचे सांडपाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरेकडे जाऊ लागले. होय, बीड-लातूरकडून येणारी आपली तीच मांजरा. विहिरी आणि शेते नासली. १९९० मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. भरपाई झाली, तज्ज्ञांच्या समित्या झाल्या, १९९४ मध्ये सामायिक शुद्धीकरण केंद्रही उभे राहिले. पण २००७ साली स्वीडनमधील योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे 'शुद्ध' केलेल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही ते अधिक होते. नंतर ते पाणी सुमारे १८ किलोमीटरच्या नळाने शहराकडे वळविण्यात आले आणि शेवटी अंबरपेठच्या शुद्धीकरण केंद्रामार्गे मुसीच्या काठी आले. नक्कावागूचा भार हलका झाला आणि मुसीचा वाढला. एका ठिकाणचा अपराध न्यायालयाच्या देखरेखीखाली दुसऱ्या ठिकाणी नेता येतो, हे यातून शिकावे लागले.

माझी एक सही

दुसऱ्यांच्या अपराधांविषयी लिहिताना स्वतःचे खाते कोरे ठेवणे बरे नव्हे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मी एका जिल्ह्यात महसुलाच्या कामावर नवा होतो. एका तलावाकाठच्या जमिनीबाबत 'हरकत नाही' अशा अहवालाची फाईल माझ्याकडे आली. निजामी काळच्या सेतवारात त्या जमिनीपुढे 'शिकम तालाब' अशी नोंद होती. शिकम म्हणजे पोट. तलावाच्या पोटातील जमीन. पाणी असेल तेव्हा ती तलावाची आणि ओसरल्यावर पिकापुरती कुळाची, असा जुना व्यवहार होता. मधल्या काळातील पहाणीपत्रकात मात्र त्याच जागेपुढे 'बंजर' असे लिहिलेले होते. बदल कोणी केला, कधी केला, याचा कागद फायलीत नव्हता.

मी मे महिन्यात जागेवर गेलो. त्या आधीची दोन वर्षे पाऊस कमी होता. जमीन भेगाळलेली होती, गुरे चरत होती. 'प्रत्यक्ष पाहणीत पाणी आढळले नाही', असे मी लिहिले आणि सही केली. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. कोणी मला पैसे दिले नव्हते, कोणी धमकावले नव्हते. आधीच्या नोंदीविषयी एक ओळ लिहिली असती, तर फाईल परत फिरली असती. वरिष्ठांना उशीर आवडत नसे, आणि मलाही तो नको होता.

पुढे तेथे वसाहत झाली. पुष्कळ वर्षांनंतर, एका मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, मी अन्य कामासाठी त्या बाजूने जात होतो. रस्त्यावर गुडघाभर पाणी होते. एक वृद्ध गृहस्थ दारातल्या पायरीवर भिजलेली पुस्तके एकेक करून पसरवीत होते. नातवंडांची शाळेची पुस्तके असावीत. 'पाणी कोठून आले, कळत नाही हो,' ते मला म्हणाले. मला ते कळत होते. मी त्यांना काही बोललो नाही. त्या वसाहतीच्या कोणत्याही खटल्यात माझे नाव कधी आले नाही आणि येणारही नाही, कारण मी केले तो कोणत्याही कलमाखाली गुन्हा नव्हता.

पर्यावरणाचे अपराध बहुधा असेच घडतात, असे मला आता वाटते. मध्यरात्री विष सोडणारा एखादाच असतो. त्याच्यामागे पावसाळ्याऐवजी उन्हाळ्यात पाहणी करणारे, एका रकान्यातील शब्द बदलणारे, बदललेला शब्द पाहून गप्प बसणारे आणि 'घरे तर झालीच आहेत' असे म्हणून ती नियमित करून देणारे अनेक सभ्य लोक असतात. तलावाची पूर्ण भरण्याची पातळी, म्हणजे सांडव्यावरून पाणी वाहू लागण्याच्या क्षणीची रेषा, हीच त्याची खरी हद्द. ती उन्हाळ्यात दिसत नाही. म्हणूनच ती कागदावर जपावी लागते.

बदलते कायदे, बदलती शिक्षा

अलीकडच्या काही वर्षांत या क्षेत्रात तीन घडामोडी झाल्या आणि तिन्हींकडे आपण जागरूकपणे पाहिले पाहिजे. पहिली म्हणजे तेलंगण शासनाने एप्रिल २०२२ मध्ये ६९ क्रमांकाचा आदेश काढून १११ क्रमांकाच्या आदेशातील निर्बंध उठविण्याची भूमिका घेतली. शहराला आता कृष्णा-गोदावरीचे पाणी मिळते, या दोन जलाशयांवरची भिस्त फारशी उरलेली नाही, हे कारण सांगण्यात आले. ८४ गावांतील शेतकऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्षण्याजोगे नव्हते. शहराच्या पाण्यासाठी त्यांच्या जमिनीचे मोल पंचवीस वर्षे गोठून राहिले होते आणि त्याची भरपाई त्यांना कोणी दिली नव्हती. परंतु हे जलाशय मुळात बांधले होते ते पूर अडविण्यासाठी. पिण्याचे पाणी दुसरीकडून आणता येते. पूर दुसरीकडे पाठविता येत नाही. पाणलोट क्षेत्रावर सिमेंट चढले की तेच पाऊसमान अधिक वेगाने दरवाजांशी येते.

दुसरी घडामोड शिक्षेसंबंधी आहे. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा आर्थिक दंड आणला. दंड न भरल्यास तेवढी कैद उरली. २०२४ च्या दुरुस्तीने जलप्रदूषणाच्या कायद्यातही तसाच बदल केला, आणि राज्यांनी ठराव करून तो स्वीकारावयाचा आहे. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुन्या कायद्याखालील खटले वर्षानुवर्षे रेंगाळत. कधीच न होणाऱ्या कैदेपेक्षा लगेच वसूल होणारा दंड बरा, असे अनुभवी अधिकारीही म्हणतात. तथापि मोठ्या उद्योगाला पंधरा लाख म्हणजे जमाखर्चातील एक ओळ. अपराधाची किंमत आधीच ठाऊक असेल, तर तो अपराध राहात नाही. तो खर्च होतो.

तिसरी घडामोड जुलै २०२४ मध्ये तलाव, नाले व सरकारी जमिनी यांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या 'हायड्रा' या यंत्रणेची. तलावाच्या पोटातील बांधकामे पाडण्याचा धडाका तिने सुरू केला आणि काही काळ शहर स्तंभित झाले. बड्यांच्या बांधकामांनाही हात लागला, ही गोष्ट चांगलीच. परंतु रीतसर नोटीस आणि पुरेसा अवधी न देता, सुटीच्या दिवशी केलेल्या पाडकामाबद्दल उच्च न्यायालयाने जाब विचारला. त्याच सुमारास चादरघाटच्या आसपास मुसीच्या पात्रातील गरिबांच्या घरांवर खुणा करून ती हटविण्यास आरंभ झाला. कायदा कोणावर प्रथम चालतो, यावरून त्याची खरी प्रकृती कळते. ज्याने तलावाची जमीन विकली तो, ज्याने कागद करून दिला तो, आणि ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर घेतले तो, हे तिघे एका पायरीवर नाहीत. बुलडोझर मात्र तिसऱ्याच्याच दारात येतो. बाटलीवर सही घेण्याची जी रीत कारखानदाराच्या रक्षणाला आहे, ती झोपडीवाल्याच्याही वाट्याला आली पाहिजे.

आपला वाटा

मुसीच्या अवस्थेला कारखाने जबाबदार आहेत, पण तिच्यात मोठा भाग तुमच्या-आमच्या घरच्या सांडपाण्याचा आहे. अंबरपेठचे शुद्धीकरण केंद्र दिवसाला ३३.९ कोटी लिटर पाणी हाताळू शकते, आणि तरी शहर त्याच्या पुढे धावते. आमच्या पेठेचे नाव गवळ्यांवरून पडले. त्या गवळ्यांचे व्यवसायबंधू आजही शहराखाली, मुसीच्या मैलापाण्यावर वाढलेला गवताचा चारा म्हशींना घालतात, आणि ते दूध शहरात परत येते. नदीत टाकलेली वस्तू आपल्यापासून दूर जाते, हा भ्रम आहे.

गणेशोत्सवाविषयी लिहिणे जरा नाजूक आहे, पण मराठी माणसानेच ते लिहावे. हुसेनसागरात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे विसर्जन उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मनाई केले. ऐन वेळी सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती, शेवटची म्हणून, सवलत दिली. पाण्यातून निर्माण करून पाण्यात मिळविण्याचा जो संस्कार आपण येथे जपला, त्याला न विरघळणारी मूर्ती सर्वथा विसंगत आहे. आमच्या आजीच्या वेळी शाडूची मूर्ती घरच्या हौदात विसर्जित होई आणि ती माती तुळशीला जाई. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाचा आदेश लागला नव्हता.

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. नदीचा फिर्यादी कोण? १९७४ च्या कायद्यात १९८८ साली झालेल्या दुरुस्तीने कोणाही नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करण्याची मुभा दिली होती. २०१० पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दारही उघडे आहे. तेव्हा फिर्याद करावयास कोणी नाही, असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती साक्षीची. न्यायालय विचारते, 'येथे पूर्वी पाणी होते, याला आधार काय?' आणि आधार देणारे कागद गहाळ झालेले असतात, नकाशे फाटलेले असतात, पाहणारी माणसे निघून गेलेली असतात.

आमचे घर १९९० च्या सुमारास पाडले आणि त्या जागी मजली इमारत झाली. सहीप्रमाणेच त्या निर्णयातही मी होतो. भिंत पडली त्या दिवशी आजीची रेघ कोणाच्याच ध्यानात आली नाही. आजी तोपर्यंत गेली होती. ती रेघ आज असती, तर नवीन इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाला तळमजल्यावर विजेचा मीटर कोठे बसवू नये, हे एका दृष्टिक्षेपात कळले असते.

म्हणून वाचकांना एक विनंती करून हा लेख संपवितो. गौलीगुडा, अफजलगंज, काचीगुडा, चादरघाट, शहाअलीबंडा या भागांत ज्यांची जुनी घरे होती किंवा आहेत, त्यांच्याकडे अशा खुणा, वडिलांची पत्रे, जमिनीचे उतारे, 'अमुक विहिरीला बारमाही पाणी असे' अशा नोंदी नक्कीच असतील. त्या उतरवून काढाव्यात, कागदांची छायाचित्रे घ्यावीत आणि आपल्या संस्थेकडे सुपूर्द कराव्यात. आपण या शहरात पाहुणे नाही, अनेक पिढ्यांचे साक्षीदार आहोत. साक्षीदाराने पाहिले ते सांगावयाचे असते. मी माझ्यापुरते, उशिरा का होईना, सांगितले आहे.